काचेच्या टाकीत खोल समुद्रातली तेलगळती: करून दाखवायची रीत

बावीस वर्षं मी मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर चिखल कालवला. पगारपत्रकावर हुद्दा ‘मड इंजिनिअर’ होता, पण आईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, “आमचा चिखलाच्या खात्यात आहे.” आता निवृत्त होऊन नागपुरात आहे. इथून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटर.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. सोड्याचा ज्वालामुखी करणारे पोट्टे ढीगभर होते, म्हणून तिला काहीतरी वेगळं हवं होतं. मी तिला २०१० सालची मेक्सिकोच्या आखातातली गळती सांगितली. सगळं ऐकून ती म्हणाली, “आबा, एवढे मोठे इंजिनिअर होते, मग एक भोक बुजवायला ८७ दिवस काहून लागले?”

पुढचा सगळा खटाटोप त्या ‘काहून’साठी आहे. मांडणीला एक रविवार पुरतो. घर तेलकट होतं, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

मुलांना आधी एवढं सांगा. २० एप्रिल २०१० रोजी लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साधारण ६६ किलोमीटरवर ‘डीपवॉटर होरायझन’ या जहाजासारख्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला. अकरा माणसं गेली. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि मकोन्डो नावाच्या विहिरीतून तेल सुटलं. विहिरीचं तोंड पाण्याखाली सुमारे १,५०० मीटरवर आणि तिथून विहीर आणखी चार किलोमीटर जमिनीत. तोंडावर पाच मजली इमारतीएवढा ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवलेला होता. ऐनवेळी पाइप कापून विहीर मिटणं हेच त्याचं काम. पण आतला पाइप वाकून एका बाजूला सरकला होता, त्यामुळे कातऱ्या पूर्ण मिटल्या नाहीत. त्या खोलीवर पाणबुड्या उतरू शकत नाही. जे करायचं ते वर जहाजावर बसून, कॅमेऱ्यात बघत, यंत्रमानवाच्या हातानं.

सामान

माशांची काचेची टाकी घ्या, दीड फूट उंच. आमच्याकडच्या टाकीतले मासे मेच्या उन्हात गेले होते, म्हणून ती रिकामीच होती. पाणी फूटभर भरायचं. नळी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक, दोन मीटर. तेलाच्या साठ्यासाठी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, बूड कापून उलटी टांगायची. झाकणाला तापल्या खिळ्यानं भोक पाडा, नळी घाला, एम-सील लावा आणि रात्रभर सुकू द्या. मी दोन तासांत घाई केली होती. त्या डागासाठी बायको अजून फरशीकडे बोट दाखवते.

नळी वरून टाकीत उतरेल, तळाशी वळेल आणि वीतभर सरळ वर येईल. ही उभी वीत म्हणजे आपली विहीर. ती स्टीलच्या पट्टीला तारेनं बांधा. वळणावर नळी चिमटते, म्हणून आधी कढत पाण्यात धरून मऊ करा आणि वाटीभोवती वळवून थंड होऊ द्या. उभ्या भागात दोन टी, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखे तीन तोंडांचे जोड, बसवायचे, एक तोंडाच्या दोन बोटं खाली आणि दुसरा अगदी तळाशी. टी आणि छोटा कॉक ठिबक सिंचनाच्या सामानात मिळतात. मी कॉटन मार्केटकडच्या एका शेतीसामानाच्या दुकानातून आणले. दुकानदारानं विचारलं, “संत्रा की कपाशी?” मी म्हटलं, “पेट्रोलियम.” नळीचा तुकडा सोबत न्या आणि दुकानातच बसवून पाहा. दोन्ही टीच्या आडव्या तोंडांना वीतभर नळी आणि त्यावर चिमटा लावा. औषधाच्या दुकानातून ५० मिलीच्या दोन सिरिंजा आणा.

तेल लाल हवं, नाहीतर मागच्या बाकावरून काही दिसत नाही. खाण्याचा रंग चालत नाही, तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. त्यासाठी नागपूरकराला काही शिकवायची गरज नाही: लिटरभर सोयाबीन तेल गरम करा, गॅस बंद करून त्यात काश्मिरी मिरचीपूड घाला, फडक्यातून गाळा. तर्रीच आहे ही. पोह्यांवर तरंगते तशी टाकीवरही तरंगेल.

आता माझा विषय, चिखल. पाण्यात मीठ घालत जा, विरघळेनासं होईपर्यंत. मग मुलतानी माती मिसळा आणि धिरड्याच्या पिठापेक्षा थोडं पातळ ठेवा, म्हणजे सिरिंजेतून जाईल. एक लिटर मोजून काट्यावर ठेवा. वजन १.३ किलोच्या आसपास भरलं पाहिजे, कमी भरलं तर माती वाढवा. विहिरीवरचा चिखल याच जातीचा. घट्टपणाला बेंटोनाइट माती, वजनाला बॅराइट. आमच्याकडे बॅराइट आंध्रातल्या मंगमपेटच्या खाणीतलं यायचं. खोदताना हा चिखल विहिरीत फिरत असतो आणि आपल्या वजनानं खालच्या तेल-वायूला दाबून धरतो. मकोन्डोवर जो वापरला तो पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड होता. विहीर उसळते ती या तोलात कुठेतरी गफलत झाली म्हणूनच.

आधी मोजा

बाटली अशी टांगा की तिच्यातल्या तेलाची पातळी टाकीतल्या पाण्याच्या हातभर वर राहील. नळीचं तोंड मोकळं सोडा. लाल तेल वर येईल आणि पसरायला लागेल. पोट्टे इथेच ओरडतात आणि लगेच बोट घालून बंद करायला धावतात. त्यांना थांबवा. एका मिनिटात किती तेल गेलं, ते बाटलीवर खुणा करून मोजायला लावा आणि आकडा फळ्यावर लिहा.

ही पायरी गाळू नका. मेक्सिकोच्या आखातात नेमकी हीच कच्ची राहिली. सुरुवातीला दिवसाला १,००० पिंप असं सांगितलं गेलं, मग एप्रिलअखेरीस ५,०००, आणि तो आकडा कितीतरी आठवडे चालला. पुढे शास्त्रज्ञांनी समुद्रतळावरच्या चित्रफिती आणि दाबाची मापं घेऊन हिशेब केला, तेव्हा खरा प्रवाह सुरुवातीला दिवसाला ६०,००० पिंपांच्या आसपास निघाला. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. पाच हजारांसाठी काढलेला तोडगा साठ हजारांपुढे कसा टिकणार? आमच्या रिगवरचा जुना ड्रिलर म्हणायचा, मापाशिवाय घातलेला चिखल म्हणजे देवाला नवस. मला ते तेव्हा उद्धट वाटायचं.

पहिला प्रयोग: टोपी

हा प्रयोग वेगळ्या दिवशी करा, कारण याला खोबरेल तेल आणि बर्फ लागतो. डिसेंबरात नागपुरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे सगळ्या घरांना माहीत आहे. तोच गुण इथे कामाला येतो.

आधी साध्या पाण्यात करून दाखवा. गळतीवर फनेल पालथं धरा आणि त्याच्या दांडीला नळी जोडून वर बाटलीत सोडा. तेल हलकं, आपसूक वर चढतं. मुलं टाळ्या वाजवतात. मग पाणी बदला, भरपूर बर्फ घाला, साठ्यात कोमट खोबरेल भरा आणि धार अगदी बारीक ठेवा. दहा-पंधरा मिनिटं धीर धरावा लागतो. फनेलच्या दांडीत पांढरा थर साचत जातो आणि वाट बुजते. मग तेल फनेलच्या कडेखालून बाहेर पडू लागतं.

७ मे २०१० रोजी सुमारे शंभर टनांची, चार मजली उंचीची पोलादी पेटी अशीच खाली सोडली होती. दुसऱ्या दिवशी ती बाजूला ठेवावी लागली. तळाशी पाणी चार-पाच अंशांचं, दाब दीडशे वातावरणांएवढा. अशा जागी मिथेन वायू आणि पाणी एकत्र येऊन बर्फासारखे स्फटिक बनतात, त्यांना हायड्रेट म्हणतात. पाण्याचे रेणू पिंजरा करतात आणि वायू त्यात अडकतो. त्यांनी पेटीचं तोंड बुजवलंच, शिवाय ते पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे पेटी वर उचलली जायला लागली. खोबरेल गोठणं आणि हायड्रेट बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगा. आपण फक्त वाट कशी बुजते तेवढं दाखवतोय. मलाही हा प्रकार पुस्तकातूनच माहीत. मुंबई हायला पाणी जेमतेम ७५-८० मीटर खोल आणि उबदार, तिथे हे भूत कधी आडवं आलं नाही.

आता फनेलच्या आत दुसरी बारीक नळी घालून कढत पाणी सोडा. वाट हळूहळू मोकळी होते. जूनमध्ये नवी, लहान टोपी बसवली तेव्हा तिच्यात मिथेनॉल सोडून हायड्रेट होऊ दिले नाहीत. मात्र त्याआधी तुटका पाइप कापताना हिरेजडित तारेची करवत अडकली. मग अवजड कातरीनं कापावं लागलं, काप ओबडधोबड आला आणि टोपी घट्ट बसली नाही. तरी दिवसाला पंधरा हजार पिंपांपर्यंत तेल वरच्या जहाजात आलं. मधे पाइपात पाइप खुपसूनही थोडं तेल काढलं होतं, ते टाकीत करून बघण्यासारखं नाही.

दुसरा प्रयोग: वरून चिखल

पुन्हा साधं पाणी आणि तर्री. बाटली हातभर उंचच ठेवा. वरच्या टीला सिरिंज जोडून चिखल जोरात दाबा. दाबत असताना तेल थांबल्यासारखं वाटतं. हात थांबला की सगळा चिखल तेलासोबत बाहेर येतो आणि टाकी गढूळ होते. पुन्हा करा. पुन्हा तेच. आमच्याकडे तीन सिरिंजा संपल्यावर नातीनं विचारलं, “किती वेळा करायचं?” मी म्हटलं, त्यांनीही तीन वेळा केलं.

२६ मेपासून तीन दिवस ते चाललं होतं. एकूण सुमारे ३०,००० पिंप चिखल, आणि काही वेळा मिनिटाला ८० पिंपांपर्यंत वेग. हिशेब केला तर उन्हाळ्यात आपल्या वस्तीत येतो त्या टँकरएवढा चिखल, दर मिनिटाला एक. सोबत गोल्फचे चेंडू, टायरचे तुकडे, गाठी मारलेला दोर असला माल सोडला, फट बुजावी म्हणून. वाचकाला हसू येतं, पण फटीत अडकेल असा कचरा सोडणं ही आमच्या धंद्यातली जुनीच युक्ती आहे. १९७९ मध्ये त्याच आखाताच्या मेक्सिकोच्या बाजूला इक्स्टॉक नावाची विहीर उसळली होती, तिथेही पोलादाच्या आणि शिशाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि मोठी टोपीही बसवून पाहिली होती, तिला ‘सोम्ब्रेरो’ म्हणत. पाणी फक्त पन्नास मीटर, तरी विहीर बंद व्हायला मार्च १९८० उजाडला.

आता बाटली खाली आणा. तेलाची पातळी पाण्याच्या जेमतेम चार बोटं वर. तेल अजून येतंय, पण संथ. तोच चिखल, तीच सिरिंज, सावकाश दहा मिली. या वेळी चिखल उभ्या नळीत खाली बसतो आणि तेल थांबतं. फळ्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवायची हीच वेळ. चिखल वाईट नव्हता, प्रवाह त्याच्या आवाक्याबाहेर होता.

एक सूचना: दहा मिलीवर थांबा. जास्त घातला तर चिखल वळणापलीकडे जातो, दोन्ही बाजूंना सारखा चढतो आणि तोल जातो. पहिल्या खेपेला माझाच गेला. बावीस वर्षांचा अनुभव आणि समोर सातवीची पोरं!

तिसरा प्रयोग: उघडी तोटी

हा करण्याआधी मी मुलांना आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. तळमजल्यावर पंपाच्या पाइपाचं जोड निघालं, पाणी छातीएवढं उडत होतं आणि वरचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला. आम्ही तिघं निवृत्त लोक चिंध्या, लाकडी खुंटी आणि सायकलची ट्यूब घेऊन झगडत होतो. प्लंबर आला आणि त्यानं नवा बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून उसळत्या पाइपावर चढवला. पाणी व्हॉल्व्हमधून सरळ जात राहिलं, त्यानं आरामात आटे कसले आणि मग दांडी फिरवली. मला म्हणाला, “काका, पान्याशी कुस्ती नाही खेळाची. त्याले आधी वाट देऊन द्याची, मंग वाटेले दार लावाचं.”

जुलैत समुद्रतळावर हेच केलं. जुन्या पाइपाचा तुटका भाग बोल्ट काढून उतरवला, तिथे नीट बसेल असा जोड घातला, आणि १२ जुलैला त्यावर तीन झडपांची नवी टोपी, कॅपिंग स्टॅक, उघडी ठेवून बसवली. १५ जुलैला वाटा एकेक करून मिटल्या आणि तेल थांबलं. नातीचे ८७ दिवस ते हे.

टाकीत बाटली परत हातभर वर न्या. कॉक उघडा ठेवून नळीच्या तोंडावर चढवा, तारेनं आवळा आणि मग हळूहळू मिटा. आपल्याकडे दाब एवढासा की बोटानंही बंद होईल, तेव्हा जोर दाखवण्याच्या फंदात पडू नका. पाहायचं आहे ते वेगळंच. बाटलीवर मार्करनं तेलाच्या पातळीची रेघ मारा आणि पाच मिनिटं कुणीही काही करू नका.

मग मुलांना न सांगता खालचा टी जरा सैल करा. तोंड बंद आहे, तरी रेघेखाली तेल उतरतंय. आणि पाण्यात बघा, बाजूनं लाल थेंब निघालेत. खरी भीती याचीच होती: वरून बंद केलं आणि विहिरीचं अस्तर मध्येच फुटलेलं असेल, तर तेल खडकातून वाट काढत समुद्रतळावर कुठेही निघेल. मग कुठल्याच टोपीचा उपयोग नाही. म्हणून दाबावर डोळे लावून बसले होते. दाब ७,५०० पीएसआयच्या वर गेला तर विहीर धड, ६,००० च्या खाली राहिला तर फुटकी, ताबडतोब परत उघडायची. स्कूटरच्या टायरात तीसेक असतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि दाब येऊन थांबला कुठे, तर साडेसहा हजारांच्या थोडा वर. धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

कोडं सोडवलं भूजलाच्या माणसानं, म्हणून मला हा भाग फार आवडतो. पॉल शी हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे. सहकाऱ्यानं मोबाइलवर दाबाच्या आलेखाचा फोटो पाठवला आणि त्यांनी रात्रभर बसून गणिती नमुना मांडला. उत्तर असं: विहीर फुटलेली नाही, तीन महिने वाहून खालचा साठाच ओसरलाय, म्हणून दाब कमी. बोअरवेल उपसून थांबल्यावर पाणी पूर्वीच्या पातळीवर लगेच येत नाही, हे काटोल-नरखेडकडच्या संत्र्यावाल्याला सांगावं लागत नाही. विहीर बंदच ठेवली गेली.

टी घट्ट करा. कॉक बंद ठेवूनच वरच्या टीतून सावकाश दहा मिली चिखल सोडा. लाल तेल नळीत उलटं, खाली सरकताना दिसेल. वाहत्या विहिरीत जो चिखल तीन दिवसांत टिकला नाही, तोच ३ ऑगस्टला थांबलेल्या विहिरीत गुमान उतरला. मागोमाग सिमेंट. आता बाटली चार बोटांवर आणा आणि कॉक उघडा. तेल येत नाही. आपली विहीर वीतभर, तिला हातभर उंचीचा दाब पेलवणार नाही. त्यांच्याकडे चिखलाला चार किलोमीटरची उंची मिळाली होती.

खालचा टी हा ‘रिलीफ वेल’साठी, म्हणजे बाजूनं खोदत नेऊन मूळ विहिरीला तळाशी भिडणारी दुसरी विहीर. ती २ मेपासूनच खोदायला घेतली होती. वीतभर रुंदीचं भोक पाच किलोमीटर खाली चुंबकीय मापांनी शोधत जायचं, म्हणून सप्टेंबर उजाडला. तिच्यातून सिमेंट भरल्यावर १९ सप्टेंबरला विहीर मेली असं जाहीर झालं. हवं तर दुसऱ्या सिरिंजेनं खालून चिखल घालून दाखवा. मुलं तोवर डबे उघडायला लागलेली असतात.

आता अशा तयार टोप्या नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर इथे गोदामात ठेवलेल्या असतात, वेळ आली की उचलायच्या.

आवरताना

टाकीवरच्या तवंगात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पाहा. तेल फुटून बारीक होतं आणि नाहीसं झाल्यासारखं वाटतं. पेला बुडवून उजेडात धरा, आत सगळं आहे. त्या वर्षी अशी द्रव्यं सुमारे ७० लाख लिटर वापरली, त्यातली जवळजवळ २९ लाख थेट विहिरीच्या तोंडाशी. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

साबण टाकण्याआधी मात्र अर्धं तेल कापसानं टिपून घ्या. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस नको, तो पाणी पितो. शेतातला, सरकी काढलेला कच्चा कापूस घ्या. त्याच्या धाग्यावर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो आणि तेलच धरतो. मी कळमेश्वरच्या मेहुण्याकडून पिशवीभर आणला होता. नातीनं एक बोळा तवंगावर ठेवला, तो लाल झाला, तिनं उचलून पिळला आणि तेल वाटीत पडलं. मग सबंध वर्गाला तेच करायचं होतं, चिखल आणि टोपी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

वाटीतलं तेल मोरीत ओतू नका. जुन्या वर्तमानपत्रात मुरवून, कापसासकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. टाकी मात्र दोनदा साबणानं आणि एकदा बेसनानं घासावी लागते.